लात्वियन आणि ह्मोंग: दोन्हींत सूर आहेत, मग दोन्ही सारख्या का नाहीत?

प्रश्न एका बहीण-भावाचा आहे. बहीण रीगाला वैद्यकीय शिक्षण घेते आणि लात्वियन शिकते आहे. भाऊ अमेरिकेत मिनेसोटामधल्या सेंट पॉलला एका दवाखान्यात काम करतो, तिथे ह्मोंग रुग्ण पुष्कळ येतात, म्हणून तो ह्मोंग शिकायला लागलाय. दोघांनाही आपापल्या वर्गात सांगितलं गेलं की या भाषेत ‘सूर’ आहेत. त्यावरून त्यांनी विचारलंय की या भाषांचं एकमेकींशी काही नातं आहे का, आणि मराठी माणसाला यातली कुठली जास्त अवघड.

मी तीस वर्षं ध्वनिविचार शिकवला. रीगाला दोन हिवाळे काढले आणि सेंट पॉलच्या ह्मोंग वस्तीत बराच काळ राहिले. दोन्ही भाषा मला मोडक्यातोडक्या का होईना, बोलता येतात आणि दोन्हींवर माझा जीव आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नात्याचं आधी सांगून टाकते: काही नातं नाही. लात्वियन ही इंडो-युरोपीय कुटुंबातल्या बाल्टिक शाखेची. या शाखेत आज ती आणि लिथुआनियन एवढ्या दोघीच उरल्यात, तिसरी जुनी प्रशियन अठराव्या शतकाच्या सुरुवातीला संपली. ह्मोंग ही ह्मोंग-मिएन नावाच्या अगदी वेगळ्या कुटुंबातली. तिचं मूळ घर दक्षिण चीनच्या डोंगरांत, तिथून ती व्हिएतनाम, लाओस, थायलंडमध्ये आली. लाओसमधलं युद्ध १९७५ मध्ये संपल्यावर निर्वासितांबरोबर ती अमेरिकेत पोचली. उलट लात्वियनचं नातं तुमच्या-माझ्या मराठीशी आहे. दूरचं, पण खरं.

ते नातं ऐकायला फार लांब जावं लागत नाही. देव म्हणजे लात्वियनमध्ये ‘दिएव्स’, दिवस म्हणजे ‘दिएना’, मध म्हणजे ‘मेदुस’, धूर म्हणजे ‘दूमि’, नख म्हणजे ‘नाग्स’. ‘रासा’ म्हणजे दव. आपल्या ‘रस’चाच तो भाऊ. मला सगळ्यात आवडतो तो ‘यूग्स’ हा शब्द. बैलांच्या मानेवर ठेवतात ते आपलं ‘जू’ संस्कृत ‘युग’वरून आलं, आणि लात्वियन शेतकरीही त्याच वस्तूला त्याच मुळातून आलेला शब्द वापरत होता. हजारो वर्षांत दोन्ही भाषांनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही, तरी जू तेच राहिलं.

आता सुरांकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाची खरी गाठ तिथे आहे. लात्वियनमध्ये लांब अक्षरावर तीन तऱ्हेचे आघात मानतात: सपाट ओढलेला, उतरता आणि तुटका. तुटक्यात स्वर मध्येच घशात क्षणभर अडतो आणि पुन्हा सुटतो. ‘झाले’ हा शब्द सपाट ओढला तर सभागृह, तुटका म्हटला तर गवत. पण लिहिताना दोन्ही अगदी एकसारखे लिहितात. शिवाय बऱ्याच बोलींत तीनांपैकी दोन आघात एकमेकांत मिसळून गेलेत. रीगात मी कित्येक महिने हा फरक न करता बोलले आणि एकदाही कुणी माझं बोलणं चुकीचं समजलं नाही. गवतावर बसायचं की सभागृहात, हे बाकीचं वाक्य सांगतं. त्यामुळे बहिणीला माझं सांगणं: हे आघात कानानं टिपत राहा, पण त्यासाठी झोप मोडू नका.

ह्मोंगमध्ये गोष्ट उलटी आहे. तिथे सूर काढला तर शब्दच उरत नाही. भाऊ शिकतोय ती बहुधा पांढरी ह्मोंग असणार (दुसरी मोठी बोली हिरवी). तिच्यात सात सूर आहेत. ‘पॉ’ हे एकच अक्षर घ्या. उंच सुरात म्हटलं तर गोळा, उंचावरून खाली आणलं तर बाई किंवा मादी, मधून वर चढवलं तर फेकणं, मधल्या सपाट सुरात पाणथरी, म्हणजे प्लीहा. खालच्या सुरात काटा, श्वास मिसळून म्हटलं तर वडिलांची आई, आणि खालच्या सुरात घसा आवळून तोडलं तर बघणं. दवाखान्यात काम करणाऱ्यानं पाणथरी, काटा आणि आजी यांत गल्लत केली तर काय होईल ते मी वेगळं सांगायला नको.

हे लिहिण्याची जी रोमन पद्धत आज सगळीकडे चालते ती लाओसमध्ये १९५१ ते १९५३ या काळात तीन मिशनऱ्यांनी ह्मोंग सहकाऱ्यांच्या मदतीनं बसवली. तिची युक्ती अशी: ह्मोंग अक्षराच्या शेवटी व्यंजन जवळजवळ येतच नाही, तेव्हा शेवटची व्यंजनं रिकामीच होती, ती सुरांच्या खुणा म्हणून वापरली. म्हणजे ‘पॉब’ असं लिहिलेलं दिसलं तर तो ‘ब’ उच्चारायचा नाही, तो फक्त ‘उंच सूर’ एवढंच सांगतो. ‘पॉज’मधला ‘ज’ उतरता सूर, ‘पॉव’मधला ‘व’ चढता, ‘पॉस’मधला ‘स’ खालचा, ‘पॉग’मधला ‘ग’ श्वासाचा, ‘पॉम’मधला ‘म’ आवळलेला. काहीच लिहिलं नाही तर मधला. ही एक गोष्ट कळली नाही तर माणूस महिनोन्‌महिने चुकीचं वाचत राहतो. भावाच्या रुग्णयादीत ‘वांग’ आडनावाची माणसं नक्की असतील. तेच आडनाव ह्मोंग लेखनात ‘वाज’ असं लिहितात आणि म्हणतात नुसतं ‘वा’, वरून खाली.

एक प्रसंग सांगते, कारण माझ्या कानाला खरा धडा तिथे मिळाला. सेंट पॉलच्या शेतकरी बाजारात ह्मोंग भाजीवाल्यांचे पुष्कळ गाळे असतात. उन्हाळ्याचे दिवस होते, मी एका म्हाताऱ्या बाईंकडे पाणी मागितलं. पाणी म्हणजे ‘दे’, उतरता सूर. मला तो सूर येत होता, मी तो शेकडो वेळा घोकला होता. पण मी विचारत होते ना, म्हणून मराठी सवयीनं वाक्याच्या शेवटी आवाज वर नेला. ‘दे’ वर चढवलं की त्याचा अर्थ होतो कुत्रा. आणि उंच सुरात धरलं तर ‘लांब’. बाई क्षणभर थांबल्या, मग हात डोक्याच्या वर धरून कमरेपर्यंत खाली आणला आणि म्हणाल्या, ‘दे’. मी हातानं तसंच केलं आणि म्हटलं, ‘दे’. त्यांनी बाटली पुढे केली. त्या दिवशी मला समजलं की मराठी माणसाची अडचण सूर काढण्यात नसते. गाणं शिकलेल्याला तर ते सहज जमतं. अडचण असते ती प्रश्न, आश्चर्य, आग्रह हे सगळं आपण आवाजाच्या चढउतारानं दाखवतो, त्या सवयीची. ह्मोंगमध्ये तो चढउतार शब्दांनी आधीच वापरून टाकलेला असतो. प्रश्न विचारायला तिथे वेगळे छोटे शब्द आहेत. आधी ते शिका.

सूर शब्दाचा इतका भाग असल्यानं ह्मोंग लोकांत आणखी एक गोष्ट शक्य झाली, जी लात्वियात होऊच शकत नाही. वाद्य बोलतं. ‘क़ेंग’ नावाचं बांबूच्या नळ्यांचं तोंडानं वाजवायचं वाद्य आहे. अंत्यविधीत ते वाजतं तेव्हा त्यातून निघतात ते शब्दांचे सूर, आणि जाणकार ते सूर ऐकून शब्द ओळखतात. मृताला वाट दाखवणारं ते बोलणं असतं. तरुण-तरुणी पूर्वी रात्री भिंतीच्या फटीतून लहानसं मोरचंग वाजवून एकमेकांशी बोलायची. उच्चार न करता केलेलं ते बोलणं आहे. मी क़ेंग प्रत्यक्ष ऐकलंय, आणि भाषा या शब्दाबद्दलची माझी समज त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही.

मग लात्वियन आपला भार कुठे ठेवते? शब्दाच्या शेवटात. सात विभक्त्या, दोन लिंगं, विशेषणही नामाबरोबर बदलणार. अमोल नावाचा मुलगा लात्वियात गेला की तो ‘अमोल्स’ होतो. त्याचा म्हणजे ‘अमोला’, त्याला म्हणजे ‘अमोलाम’, त्याला हाक मारायची तर पुन्हा ‘अमोल’. परक्या नावांनाही शेपूट लावल्याशिवाय लात्वियन वाक्य उभं राहत नाही, शेक्सपियरसुद्धा तिथे ‘शेक्सपीर्स’ असतो. इंग्रजीतून येणाऱ्याला हा जाच वाटतो. मराठी माणसाला वाटायचं कारण नाही. आपण ‘घोडा’चं ‘घोड्याला’, ‘भाऊ’चं ‘भावाला’ करतो, सामान्यरूप शाळेत पाठ न करताही बरोबर वापरतो. लात्वियन ‘ब्रालिस’ म्हणजे भाऊ, भावाचा म्हणजे ‘ब्राल्या’. आतलं व्यंजन किंचित ओलं होतं, म्हणजे ‘ल’मध्ये ‘य’ची छटा मिसळते. ओळखीचा वाटतो की नाही हा प्रकार?

चतुर्थी बघा. ‘मान’ म्हणजे मला. ‘मान पातीक’: मला आवडतं. ‘मान साल्स्त’: मला थंडी वाजते. ‘मान साप गाल्वा’: मला डोकं दुखतं. ‘मान इर माया’: मला घर आहे, कारण ‘माया’ म्हणजे घर. आणि हे सगळ्यात सुंदर: ‘मान याइएत’, मला जायचं आहे, जायला हवं. क्रियापदाच्या आधी ‘या’ लावला की कर्तव्याचा अर्थ येतो, आणि जो करणार तो चतुर्थीत जातो. ‘मान यालासा ग्रामाता’, मला पुस्तक वाचायचंय. पुस्तक तिथेही प्रथमेत, आपल्याकडेही प्रथमेत. माझ्या वर्गातले जर्मन विद्यार्थी या रचनेशी दोन आठवडे झगडत होते. मी वहीत मराठी वाक्यं लिहून खाली लात्वियन शब्द भरत गेले आणि काम झालं.

आणखी एक घरगुती ओळख म्हणजे ‘म्हणे’. ‘तो आजारी आहे म्हणे’ या वाक्यात आपण जबाबदारी दुसऱ्यावर टाकतो: मी पाहिलं नाही, कानावर आलं. लात्वियनमध्ये यासाठी क्रियापदाचं स्वतंत्र रूप आहे. ‘विन्श इर स्लिम्स’ म्हणजे तो आजारी आहे, ‘विन्श एसुओत स्लिम्स’ म्हणजे तो आजारी आहे म्हणे. वर्तमानपत्रं ही रूपं रोज वापरतात. वैद्यकीय विद्यार्थिनीला तर ती लवकर शिकावीच लागतील, कारण रुग्णाचे नातेवाईक अशाच रूपांत बोलतात आणि त्यांनी स्वतः पाहिलं की फक्त ऐकलं हे त्यावरून कळतं.

तरी लात्वियनमध्ये मराठी माणूस एका जागी हमखास अडखळतो, आणि ती जागा व्याकरणाची नाही, कानाची आहे: ऱ्हस्व-दीर्घ. आपण ते लिहिताना पाळतो, बोलताना नाही. ‘मिठी’ आणि ‘मीठ’ यांतल्या इकारांची लांबी कुणी मोजत नाही. आणि ‘अ’ व ‘आ’ यांत आपण लांबीपेक्षा तोंड किती उघडलं ते ऐकतो. लात्वियनमध्ये ‘आ’ तोच, फक्त आखूड किंवा लांब. ‘काझास’मधला पहिला ‘आ’ आखूड असेल तर शेळ्या, लांब असेल तर लग्न. देवनागरीत दोन्ही एकसारखेच लिहावे लागतात, यातच सगळं आलं. शेवटच्या स्वराची लांबी तर विभक्ती ठरवते: ‘रीगा’ हे शहराचं नाव, शेवटचा ‘आ’ लांबवला की ‘रीगात’. त्यात बोलताना जोर जवळजवळ नेहमी पहिल्या अक्षरावर, म्हणजे शेवटचा लांब स्वर जोर न देता लांब ठेवायचा. याचा सराव बोटानं टेबलावर ठेका धरून करा, आखूडला एक, लांबला दोन.

ह्मोंगमध्ये असल्या शेपटाचं नाव नाही. क्रियापद बदलत नाही, नाम बदलत नाही. ‘कू मू’ म्हणजे मी जातो, गेलो, जाईन. काळ सांगायचा तर वेगळा शब्द जोडायचा. मात्र मोजायला किंवा ‘माझं’ म्हणायला गेलात की नामाच्या आधी त्याच्या जातीचा शब्द येतो. आपल्याकडे ‘चार जण’मधला ‘जण’ हा त्याचा पुसट नमुना. ह्मोंगमध्ये प्राण्यांना आणि माणसांना ‘तू’, घरासारख्या मोठ्या किंवा गोलसर वस्तूंना ‘लू’, सुरी-चमच्यासारख्या दांड्याच्या वस्तूंना ‘टा’. रस्ता, दोरी आणि आयुष्य या तिघांना एकच शब्द, ‘त्सॉ’, कारण तिन्ही लांबत जातात. ‘न्दाअ’ म्हणजे कागद, लेखन. त्याच्याआधी ‘दाइ’ लावलं तर सुटा कागद, ‘फाउ’ लावलं तर पुस्तक, ‘चा’ लावलं तर पत्र. एका नामातून तीन वस्तू. भावानं शब्द पाठ करताना नाम एकटं कधी लिहू नये, त्याच्या सोबत्यासकट लिहावं.

एकच वाक्य दोन्हींत ठेवून बघा: भावाचं घर मोठं आहे. लात्वियन म्हणते ‘ब्राल्या माया इर लिएला’. भाऊ षष्ठीत, घर स्त्रीलिंगी म्हणून ‘मोठी’, शिवाय ‘आहे’. हेच बहिणीनं ह्मोंगमध्ये म्हटलं तर ‘कू तू नू लू चे लॉ’: मी, जण, भाऊ, नग, घर, मोठं. सहा अक्षरं, एकालाही प्रत्यय नाही, ‘आहे’ही नाही, कारण ‘लॉ’ म्हणजेच ‘मोठं असणं’. आणि ‘नू’ हा भाऊ फक्त बहिणीचा. पुरुष आपल्या भावाला हा शब्द वापरत नाही, त्याला थोरला-धाकटा असे वेगळे शब्द आहेत. भाऊ बहिणीला म्हणेल ‘मुअ’, पण बहीण बहिणीला तसं म्हणणार नाही. नात्याच्या शब्दांत लिंग बोलणाऱ्याचंही मोजलं जातं. कुळं आडनावांवरून ओळखली जातात आणि एका कुळात लग्न होत नाही. सगोत्र म्हटलं की आपल्याला ते लगेच कळतं.

उच्चारांत मराठी जीभ ह्मोंगसाठी बरीच तयार आहे. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे, हे आपल्याला जन्मापासून येतं, ह्मोंगला दोन्ही लागतात, तेही महाप्राणासकट. त्या रोमन लेखनातला ‘आर’ म्हणजे आपला ट. टेबलाला ते ‘टोंग’ म्हणतात. श्वासाचा सूर ज्यांना घ, भ येतात त्यांना सापडतो: ‘भ’ म्हटल्यावर स्वरात जो श्वास रेंगाळतो तोच. फसगत होते ती ‘ह्मोंग’ या नावातच. आपण ते ‘म्होंग’ म्हणतो, ‘म्हण’सारखं. तिथे ओठ मिटून आधी नाकातून नुसता श्वास सोडायचा, घसा न वाजवता, आणि मग ‘ओंग’. हात नाकाखाली धरून बघा, हवा लागली पाहिजे.

लेखनाबद्दल थोडं. लात्वियन भाषेतलं आज उपलब्ध असलेलं सगळ्यात जुनं छापील पुस्तक १५८५ चं, कॅथलिक धर्मशिक्षणाचं. पुढची तीन शतकं तिची लिपी जर्मन पाद्र्यांच्या हाती होती, आणि आजचं मात्रांचं नेटकं लेखन विसाव्या शतकात लात्वियन विद्वानांनी ठरवलं. तोपर्यंत भाषा जपली ती गाण्यांनी. क्रिश्यानिस बारोन्स यांनी १८९४ ते १९१५ या काळात दोन लाखांहून जास्त लोकगीतं छापली, बहुतेक चार ओळींची, बायकांच्या तोंडची. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्याला ती परकी वाटणार नाहीत. ह्मोंगच्या बाबतीत मात्र मला एका माणसाचं नाव घ्यायचंच आहे: शोंग लू यांग. लिहिता-वाचता न येणाऱ्या या शेतकऱ्यानं १९५९ मध्ये आपल्या भाषेसाठी स्वतःची लिपी घडवली, पाहाव ह्मोंग, आणि पुढे ती सुधारत नेली. १९७१ मध्ये त्याची हत्या झाली. त्या लिपीत स्वर-सूर आधी लिहितात आणि व्यंजन नंतर, वाचताना मात्र व्यंजन आधी. जगाला हे अजब वाटतं. आपण ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी क-च्या आधीच काढतो.

तर अवघड कुठली? लात्वियन सुरुवातीला डोंगर दाखवते, पण तो डोंगर आपल्या ओळखीचा आहे. सहा-आठ महिन्यांत विभक्त्या हाताशी येतात. ह्मोंगचं व्याकरण महिन्याभरात समजतं आणि कान तयार व्हायला काही वर्षं लागतात. माझा अनुभव तरी असा आहे. भावाचं काम जास्त मोठं आहे, आणि त्याला रोज बोलणारी माणसं समोर मिळतात हे त्याचं भाग्य.

त्याच्यासाठी दवाखान्यातली एक गोष्ट. ह्मोंग माणसाच्या भावना ‘शिअ’मध्ये राहतात, उंच सुरात, म्हणजे यकृतात. आनंद म्हणजे चांगलं यकृत, धीर म्हणजे लांब यकृत, दुःख म्हणजे तुटलेलं यकृत, मनाची घालमेल म्हणजे अवघड यकृत. ऐकणाऱ्याला वाटतं पोट दुखतंय, आणि माणूस सांगत असतो की जगणं नकोसं झालंय. मराठी माणसानं तरी इथे चुकू नये. आपलं ‘काळीज’ही मुळात यकृतच, आणि आपण अजूनही काळीज तुटलं म्हणतो.

आणि जेवणाचं. शेतातलं भात, कांडून साल काढलेले तांदूळ, शिजलेला भात या तिन्हींना ह्मोंगमध्ये तीन वेगळे शब्द आहेत. शिजलेला तो ‘मॉ’. भेटल्यावर ते विचारतात, ‘कॉ नॉ मॉ लाअ लॉ?’, म्हणजे जेवलात का? यातला ‘कॉ’ एका माणसासाठी, तू आणि आदराचं तुम्ही दोन्हींसाठी आहे. मोठ्यांचा मान नात्याच्या शब्दानं राखतात, तेव्हा आजीबाईंना कुठल्या नात्यानं हाक मारायची ते आधी त्यांच्या लेकीला विचारून घ्या. मग म्हणा: कॉ वरून खाली, नॉ वरून खाली, मॉ मधून वर, लाअ घसा आवळून, आणि शेवटचं ‘लॉ’ अगदी खाली ठेवा. प्रश्न आहे म्हणून आवाज वर नेऊ नका.